गोजिरा आणि वाघोबा

दोस्तांनो, समुद्रातून उठून टोकियोतल्या इमारती पायाखाली चिरडणारा गॉडझिला तुम्हाला ठाऊक असेलच. बघताना मजा येते ना? पण १९५४ सालचा पहिला जपानी ‘गोजिरा’ नुसत्या गमतीसाठी काढलेला नव्हता.

हिरोशिमा-नागासाकीवर अणुबॉम्ब पडून तेव्हा नऊच वर्षं झाली होती. त्यातच १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. तिची विषारी राख एका जपानी मासेमारी बोटीवर पडली. बोटीवरचे २३ जण आजारी पडले, त्यातला एक दगावला. नोव्हेंबरात इशिरो होंडा यांचा सिनेमा आला. बॉम्बच्या चाचणीने खवळलेला गोजिरा म्हणजे जणू बॉम्बच! त्याची खडबडीत कातडीही बॉम्बने भाजलेल्या माणसांच्या व्रणांवरून बेतलेली.

आता आपल्या गोरेगावात या. आरेच्या पाड्यांवरचे वारली लोक वाघोबाला देव मानतात. वाघबारशीला त्याची पूजा होते. बिबट्याची भीती वाटते, पण जंगल त्याचंही आहे, हे ते जाणतात.

भीतीला रूप दोघांनीही दिलं. फरक एवढाच, की बिबट्या जंगलात आधीपासूनच होता. गोजिराला मात्र माणसानेच जागं केलं. म्हणून तर गोजिराला मारणारा शास्त्रज्ञ आपल्या भयंकर शोधाचे कागद आधी जाळून टाकतो. उद्या त्याचंही कुणी शस्त्र केलं तर?

आजच्या मुंबईचा राक्षस कशाचा असेल? धुराचा? प्लॅस्टिकचा? चित्र काढा आणि आई-बाबांना ओळखायला सांगा. त्याला जागं कोणी केलं, तेही विचारा बरं का!