गंजावर काळा रंग

इंग्लंडातली वीस वर्षं जुनी दोन सीटची गाडी. खालचे सस्पेन्शन आर्म गंजून पापुद्रे सुटायला लागले की दोन प्रकारचे सल्ले मिळतात. पहिला, "काढून टाक, गाडीच्या किमतीपेक्षा खर्च जास्त." दुसरा, "वायर ब्रश मार आणि वरून काळा रंग थाप, कोणाला कळतंय!" मला दोन्हींचा राग आहे, दुसऱ्याचा अंमळ जास्त.

माझ्याकडे आहे ती माझदा एमएक्स-५, दुसऱ्या पिढीची (१९९८ ते २००५ मधे निघायची ती). चारही चाकांना डबल विशबोन, म्हणजे प्रत्येक चाक वर एक, खाली एक अशा दोन आर्मनी धरलेलं. स्प्रिंग उभी असते खालच्या आर्मवर आणि तीही चाकाच्या बरीच आत. त्यामुळे तरफेच्या नियमाने आर्मवर चाकावरच्या वजनापेक्षा जास्त जोर येतो. शाळेतलं विज्ञान आहे हे. आता हिवाळ्यात इथे रस्त्यांवर मीठ टाकतात. ते खारं पाणी आर्मच्या सांध्याकोपऱ्यांत जाऊन बसतं आणि पत्रा हळूहळू पातळ होत जातो. रंग लावल्याने गेलेला पत्रा परत येतो का? उलट ओल आत कोंडते. वर्षाच्या एमओटी तपासणीत इन्स्पेक्टर काही सुटं करून बघत नाही, त्यामुळे गुळगुळीत काळा आर्म त्याच्या नजरेतून निसटूही शकतो. पण पावसात ब्रेक दाबताना गाडीत तो नसतो, तुम्ही असता. आमच्याकडे काही लोक एक्सेप्शन पकडून रिकाम्या कॅच ब्लॉकमधे गिळून टाकतात, त्यातलाच प्रकार. असो.

पहिला सल्ला देणारे लोक हिशोबी. पण त्याच पैशात दुसरी वीस वर्षं जुनी गाडी घेतलीत तर ती काय राजस्थानात फिरत होती? तिनेही हेच मीठ खाल्लंय! हां, सिल आणि पुढचे चॅसी रेलच कुजले असतील तर गोष्ट वेगळी. या गाडीत ते कुजतात, म्हणून आर्म मागवण्याआधी ते बघा.

खरी मारामारी असते ती बोल्टशी. बुशच्या मधे स्टीलची नळी असते, तिच्यात लांब बोल्ट गंजून एकजीव होतो. खालच्या आर्मचे आतले बोल्ट एक्सेंट्रिक असतात, ते फिरवूनच अलाइनमेंट होतं. ते अडकले की अलाइनमेंट संपलं. एका गॅरेजने (नाव नको) माझ्याकडून पूर्ण पैसे घेऊन जो कागद दिला त्यात मागच्या दोन्ही चाकांचे आकडे लाल. विचारलं तर म्हणे, "बोल्ट फिरत नाहीत." अरे, मग पैसे कसले घेतलेस?

असे बोल्ट हातोड्याने निघत नाहीत. बुश आणि ब्रॅकेटच्या फटीत करवत घालून सरळ कापायचे. आर्म दोन्ही बाजूंचे बदलायचे, बोल्ट नवे, आणि बोल्टच्या दांड्याला अँटी-सीझ ग्रीस फासायचं. अर्ध्या तासाची कंजुषी करून हे ग्रीस न लावणाऱ्यांमुळेच पुढच्या मालकाच्या नशिबी करवत येते.

अजून एक गोष्ट, जी पैसे घेणारे मेकॅनिकही सर्रास चुकवतात. गाडी वर टांगलेली, चाकं लोंबकळतायत, आणि हे बोल्ट आवळून मोकळे! रबर बुश नळ्यांना चिकटवलेलं असतं. लोंबत्या स्थितीत आवळलं तर गाडी खाली आल्यावर ते कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. त्यासाठी गाडी उचलण्याआधीच चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत अंतर मोजून ठेवा. मग आर्मखाली जॅक लावून तेवढंच अंतर आणा आणि तेव्हा आवळा. टेप लागते फक्त.

मग चारही चाकांचं अलाइनमेंट. आता बोल्ट फिरतात, तेव्हा कागदावर लाल आकडा दिसला तर पैसे देणार नाही, हे गाडी रॅम्पवर चढण्याआधीच सांगून ठेवा.