फोन वाजेपर्यंत

लोकलमधून पडलेल्या माणसाचा फोन लोहमार्ग पोलिसाच्या हाती येतो. काच तडकलेली, पण फोन चालू. पडद्यावर बायको-मुलांचा हसरा फोटो. ही माणसे कोण, हे पोलिसाला दिसते. ती कुठे राहतात, त्यांचा नंबर काय, हे मात्र कुलपाच्या आत. मग तो फोन वाजण्याची वाट पाहतो. कधी आईचा येतो, कधी कर्ज हवे का विचारणाऱ्याचा.

मुंबईच्या उपनगरी रेल्वेमार्गांवर २०२४मध्येही दोन हजारांहून अधिक माणसे मेली. म्हणजे रोज सहा-सात घरांना कुणीतरी ही बातमी कळवायची असते. जखमींची घरे वेगळी.

पूर्वी हे काम थोडे सोपे होते. प्लास्टिकच्या पाकिटात पास असे, सोबत नाव आणि फोटो असलेले ओळखपत्र असे. पाकिटात कुठेतरी डायरीचे पान, त्यावर शेजारच्यांचा नंबर. आता पास फोनमध्ये. आधार फोनमध्ये. पैसे फोनमध्ये, म्हणून पाकीटच घरी. २०१९च्या अधिसूचनेने वाहन परवान्याच्या कार्डावर आपत्कालीन संपर्काच्या नंबरला जागा दिली. त्याच्या आदल्याच वर्षी, डिजिलॉकरमधला परवाना चालेल, असे सरकारने सांगून ठेवले होते. नंबर छापायचा तो कार्डावर आणि कार्ड बाळगायची गरज नाही, असा हा कारभार. ओळख पटवणारा एकेक कागद आपण खिशातून काढला आणि मालकाच्या बोटाशिवाय न उघडणाऱ्या एका पेटीत नेऊन ठेवला. पोलीस सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालून पाहतात. ई-सिम आले, तीही वाट संपली.

यावर उपाय शोधावा लागत नाही, तो त्याच फोनमध्ये आहे. आयफोनमध्ये २०१४पासून, अँड्रॉइडमध्ये २०१६पासून. कुलूप न उघडता घरच्यांचा नंबर, औषधे, अॅलर्जी दिसावी अशी ही सोय. भरायला दोन-चार मिनिटे लागतात, पैसे लागत नाहीत. तरी ओळखीच्या चार जणांचे फोन मागून पाहा. रकाने कोरे असतील.

कारण विचारले की खासगीपणा आठवतो. बायकोचा नंबर कुणाच्याही हाती पडायला नको. हेच गृहस्थ कपड्यांच्या दुकानात बिल करताना दहा आकडे मोठ्याने सांगतात, सोसायटीच्या गेटवर वहीत लिहून देतात. दुसरे कारण कुणी उघड बोलत नाही. अभद्र कशाला चिंतायचे? पण विम्याच्या अर्जात वारसाचे नाव हाच माणूस न कचरता लिहितो, कारण तिथे एजंट समोर बसलेला असतो. इथे विचारणाराच कुणी नाही.

हेल्मेटवर रक्तगट चिकटवण्याचा उत्साह मात्र दांडगा. त्या स्टिकरवर विसंबून कुठलाही डॉक्टर रक्त चढवत नाही. रुग्णालय गट पुन्हा तपासते. १०८च्या डॉक्टरला, अपघात विभागाला हवे असते ते वेगळेच. हा माणूस रक्त पातळ करणारी गोळी घेतो का, इन्सुलिनवर आहे का, कुठल्या औषधाचे वावडे आहे का. हे सांगू शकणारी व्यक्ती घरी असते आणि तिचा नंबर आत.

प्रवाशाने रकाना भरला तरी काम अर्धेच होते. कुलपाच्या पडद्यावर 'इमर्जन्सी' असे लिहिलेले असते, त्यावर दाबले की आतली माहिती दिसते, हे स्ट्रेचर उचलणाऱ्या हमालाला आणि पंचनामा करणाऱ्या हवालदाराला कुणी शिकवायचे? त्यासाठी समिती नको आणि निविदाही नको. लोहमार्ग पोलीस ठाण्यात सकाळच्या हजेरीला एक फोन हातात धरून दाखवला तरी पुरे. फलाटावर दिवसभर रूळ ओलांडू नका म्हणून बजावणारी रेल्वे त्याच भोंग्यावरून, फोनमध्ये घरचा नंबर भरा, हेही सांगू शकते. आणि नंबर एक नव्हे, दोन भरायला सांगावे. नवऱ्याने बायकोचा दिला आणि तीही त्याच वेळी दुसऱ्या लोकलच्या गर्दीत उभी असली, तर तो उचलणार कोण?