न घेतलेल्या रजेचा हिशेब

सांगलीच्या मार्केट यार्डातील हळदीच्या पेढीवर वीस-बावीस वर्षे कीर्द-खतावणी सांभाळलेले दिवाणजी निवृत्त होतात, तेव्हा शेवटच्या दिवशी शाल, श्रीफळ आणि एक पाकीट दिले जाते. पाकिटातील रक्कम कशाची, हे मात्र बहुधा कोठेच लिहिलेले नसते. शेठजींच्या मनात ती बक्षिसी असते, दिवाणजींच्या मनात ग्रॅच्युइटी, आणि त्यात रजेचे पैसे आले की नाही हे दोघांनाही सांगता येत नाही. पुढे हिशेब तपासनीस विचारतो तेव्हा पावती शोधण्याची धावपळ होते. पंचवीस वर्षांचा विश्वास अशा एका पाकिटावरून कडवट झालेली घरे साताऱ्यातही आढळतील आणि सांगलीतही.

वीस किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या दुकानाला २०१७ चा महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम लागू होतो. वर्षात २४० दिवस काम केलेल्या कामगाराला पुढील वर्षी, केलेल्या कामाच्या दर वीस दिवसांमागे एक दिवस याप्रमाणे भरपगारी रजा मिळते आणि ती ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. वर्षाला आठ दिवसांची नैमित्तिक रजा आणि सणांच्या आठ भरपगारी सुट्ट्या निराळ्या. या आठांपैकी २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर ठरलेल्या आहेत. उरलेल्या चार मालक व कामगार यांनी वर्ष सुरू होण्यापूर्वी संमतीने ठरवावयाच्या असतात. संवत्सरीला किंवा महावीर जयंतीला दुकान बंद ठेवणाऱ्या पेढ्यांनी हे दिवस त्या चारांत धरून लेखी ठेवावेत. मालकाने आपल्या धर्मकृत्यासाठी दुकान बंद ठेवायचे आणि तो दिवस नोकराच्या साठलेल्या रजेतून वजा करायचा, हा हिशेब शोभणारा नाही.

कारखान्याचे गणित थोडे वेगळे आहे. सातारा किंवा मिरज औद्योगिक वसाहतीतील घटकाला २०२५ पर्यंत कारखाने अधिनियम, १९४८ लागू होत होता. तेथेही प्रौढ कामगाराच्या रजेचे प्रमाण वीस दिवसांना एक असेच आहे, पण पुढे नेण्याची मर्यादा साधारणतः ३० दिवसांची. कामगार नोकरी सोडून गेला तर शिल्लक रजेचे वेतन दुसऱ्या कामकाजाच्या दिवसाच्या आत चुकते करावयाचे असते. ‘दिवाळीनंतर बघू’ हे उत्तर तेथे चालत नाही.

सर्वाधिक गोंधळ भविष्य निर्वाह निधीचा. कामगार रजेवर असताना त्याला मिळणाऱ्या पगारावर वर्गणी कापली जाते, कारण मूळ वेतनाच्या व्याख्येतच भरपगारी रजेचा उल्लेख आहे. त्यावरून पुष्कळ कारकून न घेतलेल्या रजेच्या रकमेवरही बारा टक्के कापतात. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००८ मध्ये मणिपाल अकादमीच्या प्रकरणात हा प्रश्न मिटविला आहे. जी रक्कम सर्वांना सरसकट मिळते ती मूळ वेतनात येते. रजा कोणी उपभोगतो, कोणी साठवून तिचे पैसे घेतो, म्हणून ते पैसे मूळ वेतन नव्हेत. त्यावर कामगाराचीही वर्गणी नाही आणि मालकाचीही नाही. ४५,००० रुपयांच्या रकमेतून ५,४०० रुपये कापून घेणे म्हणजे दिवाणजींच्या हातात पडायची रक्कम विनाकारण कमी करणे होय.

आयकराबाबत पहिला प्रश्न पैसे केव्हा दिले हा आहे. नोकरी चालू असताना दरवर्षी रजेचे पैसे दिले तर ती पूर्ण रक्कम करपात्र. नोकरी संपताना दिले तर सवलत. आणि ती केवळ वयोमानाने निवृत्त होणाऱ्यालाच नव्हे, राजीनामा देणाऱ्यालाही मिळते. आयकर कायद्यानुसार खासगी नोकराच्या बाबतीत चार रकमा काढून त्यांतील सर्वांत लहान तेवढी करमुक्त धरतात: प्रत्यक्ष दिलेली रक्कम, दहा महिन्यांचे सरासरी वेतन, शिल्लक रजेचे वेतन (रजा वर्षाला तीस दिवसांहून अधिक धरायची नाही), आणि सरकारने ठरविलेली मर्यादा. ही मर्यादा दोन दशकांहून अधिक काळ तीन लाख होती. १ एप्रिल २०२३ पासून ती पंचवीस लाख झाली. वेतनात मूळ पगार आणि सेवाशर्तींनुसार धरला जाणारा महागाई भत्ता येतो. विक्रीवर ठरावीक टक्क्याने मिळणारे कमिशनही येते. घरभाडे भत्ता येत नाही.

समजा, साताऱ्यातील एका कारखान्याचा व्यवस्थापक अकरा वर्षांनी ३१ मार्च २०२४ रोजी राजीनामा देतो. वर्षाला तीस दिवस याप्रमाणे ३३० दिवसांची रजा. त्यांतील १८० घेतले, १५० उरले. सरासरी वेतन ९०,००० रुपये. पाच महिन्यांचे साडेचार लाख होतात, दहा महिन्यांचे नऊ लाख. साडेचार लाख पूर्ण करमुक्त. जुन्या मर्यादेत दीड लाखावर कर बसला असता. मात्र पंचवीस लाख ही आयुष्यभराची एकत्रित मर्यादा आहे. पुढील मालकाकडून निघताना त्याच्यासाठी साडेवीस लाखच उरतील. म्हणून रजेचे दिवस, दर आणि रक्कम लिहिलेला दाखला त्याच्या हाती द्यावा. नोकर सेवेत असताना वारला आणि रक्कम त्याच्या वारसांना दिली, तर तीवर आयकर नाही.

आता पेढीचा खर्च. पाडव्याला वही पूजताना ‘रजेची तरतूद’ म्हणून नुसती रक्कम लिहिली, एवढ्याने ती खर्चात धरली जात नाही. आयकर कायद्याप्रमाणे विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत पैसे प्रत्यक्ष द्यावे लागतात. कलकत्ता उच्च न्यायालयाने ही तरतूद घटनाबाह्य ठरविली होती. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२० मध्ये ती पुन्हा वैध ठरविली. तेव्हा पाकीट द्यायचेच असेल तर धनादेशाचे द्यावे, आणि सोबतच्या पावतीवर ग्रॅच्युइटी, रजा व बक्षिसी अशा तीन ओळी स्वतंत्र लिहाव्यात.