पोलादाला संरक्षण, कामगाराचं काय?

२१ एप्रिल २०२५ रोजी केंद्र सरकारने काही सपाट पोलादी मालाच्या आयातीवर २०० दिवसांसाठी १२ टक्के संरक्षक शुल्क लावलं. भिलाईत रुळांसोबत पोलादी प्लेटही बनतात, म्हणजे हा निर्णय इथल्याही मालाचा आहे. शुल्क असावं की नसावं, यावर अर्थतज्ज्ञ भांडतात. माझा प्रश्न वेगळा आहे: संरक्षण नेमकं कुणाला मिळतं?

पदवीला आपण रिकार्डो वाचतो. १८१७ साली त्याने मांडलं की पोर्तुगालने वाईन करावी, इंग्लंडने कापड; व्यापारातून दोघांचाही फायदा. या मांडणीत एक गृहीतक आहे. एक धंदा बसला की देशातला कामगार सहज दुसऱ्या धंद्यात जातो.

आपल्याकडे तो जातो का? १९३६ साली 'जातिप्रथेचे निर्मूलन'मध्ये बाबासाहेबांनी दाखवलं की जात ही नुसती श्रमाची नव्हे, श्रमिकांचीच विभागणी आहे. धंदा बदलू न देणारी ही व्यवस्था बेकारीचं थेट कारण ठरते. रिकार्डोच्या गृहीतकाला याहून नेमकं उत्तर मला सापडलेलं नाही.

भिलाईची पहिली झोतभट्टी १९५९ साली सुरू झाली. सरकारी कारखान्यातल्या आरक्षणामुळे अनेक दलित-आदिवासी घरांत पहिला कायमचा पगार आला. जात अडवत होती तिथे कायद्याने वाट काढली. १९९१ नंतर बाजार खुला झाला, स्पर्धेच्या नावाखाली कायम कामगार घटत गेले आणि काम ठेकेदारांकडे सरकलं. ठेका मजुराला ते आरक्षण नाही. म्हणजे खुल्या व्यापाराची किंमत नेमकी आपल्या वाटच्या जागांनी मोजली. ठेका मजुरांना संघटित करणाऱ्या शंकर गुहा नियोगींचा त्याच वर्षी, २८ सप्टेंबरला, भिलाईत खून झाला.

मग शुल्क वाढलं की त्या जागा परत येतात का? आपोआप नाही. मालाला भाव मिळतो; वाढलेल्या नफ्यातून कायम भरती करा, अशी सक्ती कुणावर नसते. पोलाद विकत घेणाऱ्या छोट्या वर्कशॉपचा खर्च मात्र वाढतो.

संरक्षण मागणाऱ्या उद्योगाला स्पर्धेला तोंड देण्यासाठी काय बदल करणार, याची योजना मांडायची असते. त्या योजनेत किती जागा कायम भरणार आणि त्यात राखीव किती, हेही लिहून घ्यावं. आरक्षणाची लढाई आपण भरतीच्या जाहिरातीपाशी लढतो. जागा त्याआधीच, व्यापार धोरणात संपतात. तिथे बोलायला अर्थशास्त्र आपल्यालाही यायला हवं.