चाळीची गॅलरी

मुंबईच्या माणसाला शेजार म्हणजे काय ते ठाऊक नसते, असे आपल्याकडे पांढरकवड्यास सर्रास बोलले जाते. बोलणारे बहुधा मुंबई आगगाडीच्या खिडकीतून पाहून आलेले असतात. मी गिरगावातील एका जुन्या चाळीत आप्तांकडे कित्येकदा पंधरा-पंधरा दिवस राहिलो आहे, आणि माझे मत याहून निराळे आहे.

ज्या मुलांनी चाळ पाहिली नसेल, त्यांच्यासाठी थोडे सांगतो. तीन-चार मजल्यांची लांबट इमारत. प्रत्येक मजल्यावर ओळीने एकेक-दोनदोन खोल्यांची बिऱ्हाडे. आणि त्या सर्वांच्या दारांपुढून या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेली, लाकडी कठड्याची एकच गॅलरी. जिना सामाईक, संडास मजल्याच्या टोकाला आणि तेही सामाईक. मुंबईत 1856 मध्ये पहिली कापडगिरणी सुरू झाली. पुढे गिरण्या वाढल्या, कचेऱ्या वाढल्या, आणि कोकणातून व देशावरून पोटासाठी आलेल्या माणसांकरिता अशा चाळी उठल्या. लालबाग-परळकडे गिरणीकामगार राहिले, गिरगावात मुख्यतः कारकुनी करणारे. आपल्या वऱ्हाडचा कापूस मुंबईस जाई आणि त्याचे सूत कातणारे हात रात्री अशाच खोल्यांत विसावा घेत.

या चाळीतील खरे जीवन खोलीत नसून गॅलरीत असते. पहाटे नळाला पाणी येते, तेव्हा बादल्यांच्या आवाजाने गॅलरी जागी होते. मग कोणी कठड्याशी उभे राहून दात घासतो, कोणी वर्तमानपत्राचे एक पान शेजाऱ्याला देऊन उरलेले आपण वाचतो. दुपारी बायका तांदूळ निवडावयास बसतात. एका वृद्ध गृहस्थांची खुर्ची जिन्याच्या तोंडाशी कायमची मांडलेली होती. चाळीत नवखा माणूस शिरला, की त्याला त्यांच्या तीन प्रश्नांची उत्तरे दिल्यावाचून वर जाता येत नसे. (मलाही ती द्यावी लागली.) रात्री घरात दिवा मालवला, की परीक्षेला बसलेली मुले गॅलरीतील दिव्याखाली सतरंजी टाकून वाचीत.

भांडणे होत नाहीत असे नव्हे. वरच्या मजल्यावरील ओले कपडे खालच्या वाळवणावर ठिबकले, म्हणजे जी शब्दांची सरबत्ती होते ती ऐकण्यासारखी असते. परंतु ज्या बाईशी सकाळी नळावर कडाक्याचे भांडण झाले, तिच्याच हाती दुपारी घराची किल्ली देऊन दुसरी बाजारास जाते. शाळेतून लवकर परतलेल्या मुलाला आई घरी नाही म्हणून उपाशी बसावे लागत नाही. गिरगावातील केशवजी नाईक चाळीत 1893 साली सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला. माझ्या मते, ज्या वस्तीत माणसे रोजच एकमेकांच्या दारावरून जातात, तेथे असा उत्सव रुजावा यात नवल नाही.

एवढे वाचून चाळ म्हणजे स्वर्ग, असे कोणी समजू नये. गुडघे दुखणाऱ्या आजीबाईंना भल्या पहाटे संडासासाठी रांगेत उभे राहिलेले मी पाहिले आहे. एका खोलीत सात माणसे निजतात, तेव्हा आजाऱ्याला कूस पालटावयासही जागा नसते. चाळीची तोंड भरून स्तुती करणारे लोक बहुधा ती सोडून गेलेले असतात.

म्हणूनच वरळीच्या बीडीडी चाळींची बातमी वाचून मला आनंद झाला. या 121 चाळी सरकारने 1920 नंतरच्या काही वर्षांत बांधल्या. तेथे गिरगावासारखी कठड्याची गॅलरी नाही. मधोमध एक लांब वाट आणि तिच्या दोन्ही बाजूंना खोल्या. एका बिऱ्हाडाची खोली 160 चौरस फुटांची, म्हणजे सुमारे 10 फूट रुंद व 16 फूट लांब. शाळेच्या पटांगणात खडूने एवढी जागा आखा आणि तिच्यात सात जण निजून पाहा, म्हणजे कळेल. आता त्या जागी उंच इमारती उठत आहेत. ऑगस्ट 2025 मध्ये पहिल्या 556 कुटुंबांना 500 चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. घरातच नळ, घरातच संडास. हे त्यांच्या हक्काचेच होते.

माझी तक्रार हिशेबाबद्दल आहे. जुनी खोली 160 आणि नवी 500, एवढीच बेरीज-वजाबाकी सर्वत्र होते. गॅलरी किंवा मधली वाट कोणाच्याच मालकीची नव्हती. म्हणून ती कोणाच्याच मापात आली नाही. वृद्धांची खुर्ची, मुलांची सतरंजी, बायकांची तांदळाची सुपे यांना किती चौरस फूट लागत होते, हे कोणी मोजले? उंच इमारतीत लिफ्टपाशी माणसे भेटतात खरी, पण अर्धा मिनिट, आणि तेही वर चमकणाऱ्या आकड्यांकडे पाहत. मला वाटते, मोठ्या शहरात नवी इमारत बांधताना दर काही मजल्यांमागे एक रुंद, उजेडाची, बाके असलेली ओसरी सोडलीच पाहिजे. तेथे जाण्यास कोणाचे आमंत्रण लागू नये.

मुंबईत जमीन सोन्याच्या भावाची, ही चैन परवडणार कशी, असे कोणी विचारील. जिन्यालाही जागा लागते, मोटारी ठेवावयासही लागते. ती कोठून येते, असे कोणी विचारीत नाही. जी गोष्ट आवश्यक मानली, तिच्यासाठी जागा निघते.

आणि आपण तरी मुंबईला काय सांगावे? आपल्या गावी जागेची वाण कधीच नव्हती. माझ्या लहानपणी आमच्या गल्लीत रस्त्याकडे तोंड असलेल्या अकरा ओसऱ्या होत्या. आता बहुतेक घरांपुढे भिंत आणि लोखंडी फाटक आले आहे. दोन ओसऱ्या उरल्या आहेत. त्यांपैकी एकीत मोटारसायकल उभी असते.