डिपॉझिटची काळजी घरात शिरताना



बदलीची ऑर्डर आली की आपल्या डोळ्यांपुढे आधी उभे राहतात ते सामानाचे खोके, मुलांची शाळा आणि गॅसचे कार्ड. घरमालकाकडे ठेवलेल्या डिपॉझिटची आठवण होते ती टेम्पो दारात लागल्यावर. मग ‘रंगाचे इतके, नळाचे इतके’ असा हिशेब ऐकत, हाती पडेल ते घेऊन आपण निघतो. पण ते पैसे उभे कसे राहिले होते? कुणाच्या भिशीतून, कुणाच्या शिकवण्यांतून, तर कुणाच्या मोडलेल्या पाटल्यांतून. अनामत म्हणजे दुसऱ्याकडे सांभाळायला दिलेली आपली ठेव. ती भाडे नव्हे आणि बक्षीस तर नव्हेच! ती सुखरूप परत यायला हवी, तर तयारी घर सोडताना नाही, घरात शिरताना करायची.

पहिली गोष्ट करारनामा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणी केलेला हवा, मग तो अकरा महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सचा का असेना. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. ती टाळली तर त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. शिवाय अटींवरून वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचेच म्हणणे खरे धरतात.

डिपॉझिट किती घ्यावे, यावर या कायद्यात मर्यादा नाही. केंद्राने २०२१ साली दिलेल्या आदर्श भाडेकरार कायद्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा आहे, पण तो नमुना आहे. राज्याने स्वीकारला तरच लागू होतो. म्हणून आपले रक्षण आपल्या करारातच लिहून घ्यावे लागते. पूर्ण रक्कम किती, ती ताबा देताना त्याच वेळी परत मिळणार, उशीर झाल्यास व्याज किती आणि रंगाचा खर्च कुणाचा, या चार गोष्टी वाचूनच सही करा. ‘कागदावर थोडे दाखवू, बाकीचे रोख द्या’ असे कुणी म्हणाले तर गोड बोलून नकार द्या, बरं का! जे कागदावर नाही, ते मागायला तोंड राहत नाही. पैसे चेकने किंवा बँकेतून द्या. आणि यजमानांबरोबर करारात तुमचेही नाव घाला. त्याचा उपयोग पुढे सांगते.

दुसरी गोष्ट यादी. सामान लावण्याआधी वहीचे एक पान घ्या. पंखे किती, गिझर चालतो का, कडप्प्याच्या ओट्याला चीर आहे का, कुठल्या भिंतीला ओल आहे, विजेच्या मीटरचा आकडा काय, सारे लिहा. दोन्हीकडच्या सह्या घ्या, फोनवर फोटो काढून ठेवा. माझ्या नणंदेने अशी यादी केली होती. घर सोडताना मालकीणबाई ओट्याच्या चिरेचे पैसे कापू लागल्या, तेव्हा तिने ते पान पुढे केले. भांडण झालेच नाही. ‘राहिलं माझ्या लक्षात,’ म्हणत त्यांनी पूर्ण चेक दिला.

झीज आणि नुकसान यांतला फरकही ओळखा. तीन वर्षांत रंग फिका पडणे, नळाचा वायसर जाणे ही वापराची झीज. बेसिन फुटले, दार मोडले, तर ते नुकसान. ते भरून द्यावे, त्यात कमीपणा नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यातही वाजवी झीज भाडेकरूच्या माथी मारलेली नाही. कापलेल्या प्रत्येक रुपयाचे बिल मागा.

निघताना करारातल्या मुदतीप्रमाणे लेखी सूचना द्या, वीजबिल भरून पावती जपा. ‘डिपॉझिटमधून वळते करा’ म्हणून शेवटची भाडी थकवू नका. मग आपणच देणेकरी ठरतो. मुदत संपल्यावर अडून राहणेही महागात पडते. लीव्ह अँड लायसन्सच्या घरात कलम २४ प्रमाणे दुप्पट दराने भरपाई मागता येते. किल्ली द्या, पण ‘ताबा मिळाला, अनामत इतकी देणे आहे’ असे लिहून घ्या.

तरीही टोलवाटोलवी झाली तर पंधरा दिवसांची मुदत देणारे पत्र स्पीड पोस्टाने पाठवा, प्रत आणि पोच ठेवा. नंतर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. १९८७ च्या कायद्याने स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, वकिलाची मदत मोफत मिळते. करारात आपले नाव हवे ते यासाठी! दावा लावण्याआधी लोकअदालतीत तडजोडीचा प्रयत्नही होतो. दावा करायचाच झाला तर पैसे देय झाल्यापासून तीन वर्षांच्या आत करा.

आता एवढे करा. कपाटातला करारनामा आज दुपारी काढा आणि त्या चार गोष्टींपैकी किती लिहिलेल्या आहेत, ते पाहा. नूतनीकरण जवळ आले असेल तर राहिलेल्या याच वेळी घालून घ्या.