पायथ्याशी डबे कोण राखणार?

हिरकणीची गोष्ट आम्ही वर्गात किती वेळा सांगितली असेल, याची मोजदाद नाही. कोजागिरीची रात्र, रायगडाचे दरवाजे बंद झालेले, दूध घालायला आलेली गवळण वर अडकलेली आणि खाली घरी तान्हे बाळ. ती माउली अंधारात कडा उतरून गेली आणि तिच्या नावाचा बुरूज आजही गडावर आहे. २०१९ साली या कथेवर मराठी चित्रपटही निघाला. गोष्ट संपली की आम्ही विचारतो, यातून काय शिकलात? मुली एका सुरात सांगतात, आईची माया. आम्ही मान डोलावतो आणि पुढच्या धड्याकडे वळतो. हिरकणी कडा उतरायला शिकली कुठे, हे आजवर एकाही मुलीने विचारले नाही. खरे तर आम्हीही कधी विचारले नाही.

हे आता सुचण्याचे कारण म्हणजे अमेरिकेतले काही लघुपट. डोंगर चढणाऱ्या, नद्यांतून होड्या हाकणाऱ्या, रानावनांतून धावणाऱ्या स्त्रियांवर तिकडे दहा-वीस मिनिटांचे चित्रपट काढण्याची चाल चांगलीच रुजली आहे. कोलोरॅडो राज्यातील टेल्युराइड गावी १९७९ पासून डोंगरी चित्रपटांचा महोत्सव भरतो. पुढे त्याच राज्यात केवळ साहसी स्त्रियांच्या चित्रपटांसाठी ‘नो मॅन्स लँड’ नावाचा वेगळा महोत्सवही सुरू झाला.

त्यांतला २०१७ चा ‘द मिर्नाव्हेटर’ आम्हांला विशेष भावला, कारण त्याची नायिका मिर्ना व्हॅलेरिओ ही आमच्याच पेशातली. जॉर्जिया राज्यातील एका शाळेत ती स्पॅनिश व गायन शिकवीत असे. कृष्णवर्णीय, अंगाने चांगली भारदस्त, आणि छंद डोंगरवाटांवर मैलोगणती धावण्याचा! तू खोटी आहेस, तू धावपटू नव्हेसच, असे तिला कोणीतरी लिहून कळवते. ती वाचते आणि बूट बांधून धावायला जाते. शिक्षकाला रोज टोमणे ऐकावे लागतात, पण त्यांना असे उत्तर देणारे आम्ही थोडेच पाहिले आहेत.

या चित्रपटांत एक खोट आहे, तीही सांगितली पाहिजे. पुष्कळांना पैसा पुरवतात ते बूट, कोट नि तंबू विकणारे. वर सांगितलेला चित्रपटही अशाच एका मोठ्या सहकारी दुकानसंस्थेने काढलेला. त्यामुळे पाहणाऱ्या मुलीला वाटावे की आधी शंभर डॉलरचे बूट, मग डोंगर. असे वाटले तर एमा गेटवुड या आजीबाईंची हकिकत सांगावी. त्यांच्यावर २०१५ साली ‘ट्रेल मॅजिक’ हा माहितीपट निघाला आहे.

ओहायो राज्यातली ही शेतकरीण. अकरा मुलांची आई, तेवीस नातवंडांची आजी. नवरा मारकुटा, त्याच्याशी अखेर काडीमोड झालेला. जॉर्जियापासून मेनपर्यंत जाणाऱ्या ॲपलेशियन डोंगरवाटेविषयी तिने मासिकात वाचले. १९५४ साली पहिला प्रयत्न केला, तेव्हा वाट चुकली, चष्मा फुटला आणि वनरक्षकांनी तिला परत पाठवले. दुसऱ्या वर्षी ३ मे रोजी ती पुन्हा निघाली, वय ६७. जरा फिरून येते, एवढेच मुलांना सांगितलेले! पायांत साधे कापडी बूट, खांद्यावर घरी शिवलेली पिशवी, पावसासाठी न्हाणीघराचा पडदा. २५ सप्टेंबरला ती कटाडिन शिखरावर पोहोचली. सुमारे २,०५० मैल, १४६ दिवस, तेही एकटीने. ती वाट पुढे तिने आणखी दोनदा पुरी केली.

आमच्या बेटावरही आज्या चालतात. महाशिवरात्रीला गंगा तलावाच्या वाटेवर सत्तरीच्या बायका दिवसरात्र चालताना दिसतात आणि आपण रस्त्याकडेला उभे राहून त्यांना सरबत देतो. त्यांचे पाय दुखतील, ऊन लागेल, अशी हरकत कोणी घेत नाही. देवासाठी चालली तर हात जोडायचे, बाळासाठी कडा उतरली तर बुरूज बांधायचा. पण एखादी म्हणाली की मला वर जावेसे वाटते म्हणून मी जाते, की लगेच घरात प्रश्न सुरू: सोबत कोण? पडलीस तर? लोक काय म्हणतील? गेटवुड आजीबाईंचे आम्हांला मोल वाटते ते इथे. ती कोणासाठीही गेली नव्हती.

आता आमचीच एक चूक. काही वर्षांपूर्वी मुलांची सहल घेऊन आम्ही ल पूसला गेलो होतो. ८१२ मीटरचा अंगठ्यासारखा डोंगर. १८३६ साली चार्ल्स डार्विनही तो चढून गेला होता. खाली जेवणाचे डबे होते. ते राखायला कोणीतरी हवे, म्हणून चार मुलींना बसवले. वाईट हेतू नव्हता, पण चारही मुलीच का, हे आमच्या मनातही आले नाही. परत आलो तेव्हा पाने मांडून ठेवलेली होती. वरून पोर्ट लुई कसे दिसते, एवढे एकीने विचारले.

पुढे आर्लीन ब्लम या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ बाईंविषयी वाचले आणि ते डबे आठवले. अलास्कातील डेनालीच्या एका मोहिमेत, बायकांनी तळछावणीपर्यंतच यावे आणि स्वयंपाकाला मदत करावी, असे त्यांना कळवण्यात आले होते. १९७० साली सहा बायकांची तुकडी ते २०,००० फुटांवरचे शिखर चढून आली आणि ब्लम तिच्या उपनेत्या होत्या. १९७८ साली त्यांच्या नेतृत्वाखाली बायकांचे पथक अन्नपूर्णेवर गेले. ‘स्त्रीची जागा शिखरावर’ अशा अर्थाची अक्षरे छापलेले सदरे विकून त्यांनी निधी जमवला. १५ ऑक्टोबरला दोघी जणी दोन शेर्पांसह माथ्यावर पोहोचल्या. त्यानंतर दुसऱ्या दोघी वर जाताना प्राणांस मुकल्या. मुलींना ही बाजूही सांगितलीच पाहिजे. डोंगर लाड करीत नाही. त्याच अन्नपूर्णेवर २०२१ साली साताऱ्याची प्रियांका मोहिते पोहोचली. आपल्यापैकी कित्येकांचे पूर्वज त्याच मुलखातून इथे आले.

मराठीच्या तासाला यांतले दोन-तीन लघुपट दाखवावेत, असा आमचा विचार आहे. मराठीच्या तासाला इंग्रजी चित्रपट कशाला, अशी शंका एका सहकाऱ्यांनी काढली. चित्रपट पाहून मुली मराठीत चार वाक्ये तरी लिहितील, असे आम्ही म्हणालो. आणि पुढच्या सहलीला डबे ज्याचे त्याच्या पाठीवर. जड झाले तर कमी आणावेत.